लेव्हल शिफ्टर लावल्यावर सिरीयल डेटा बिघडतोय? आधी वेव्हफॉर्म बघा

एम्बेडेडमध्ये नवीन आलेल्यांसाठी लिहितोय, कारण या एका गोष्टीत माझे तीन दिवस गेले आणि तिन्ही दिवस मी चूक कोडमध्येच शोधत होतो. एक ५ व्होल्टचा बोर्ड, ३.३ व्होल्टचा कंट्रोलर, मध्ये बीएसएस१३८ मॉसफेटवाला (मॉसफेट म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) छोटा लेव्हल शिफ्टर, जो एका व्होल्टेजचा सिग्नल दुसऱ्याला जुळवतो, आणि दोन मीटर केबल. ९६०० बॉडला (म्हणजे सेकंदाला इतके बिट) सगळं व्यवस्थित, ९२१६०० केलं की नुसता कचरा.

शेवटी बोर्डाला सारखा कॅपिटल यू पाठवायला लावलं (त्यात ० आणि १ एकाआड एक येतात, त्यामुळे ऑसिलोस्कोपवर बघायला एकदम सोपं) आणि कंट्रोलरच्या आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनवर प्रोब लावला. खाली येताना लाइन सरळ कोसळत होती, वर जाताना मात्र साधारण २ व्होल्टपर्यंत झटकन चढायची आणि मग रांगायची, ३.३ ला पोचायच्या आत पुढचा शून्य हजर. असा गुडघा दिसला की समजा मॉसफेट बंद झालाय आणि पुढचं सगळं ओझं एकट्या १० के पुल-अपवर (लाइन वर ओढणारा १० किलोओहमचा रेझिस्टर) आहे. हिशोब करा, १० के आणि केबल धरून २०० पिकोफॅरॅड कपॅसिटन्स म्हणजे आरसी (लाइन चढायला लागणाऱ्या वेळेचं माप) झाला २ मायक्रोसेकंद, आणि ९२१६०० ला अख्खा बिटच १.०८ मायक्रोसेकंदाचा! ९६०० ला तोच १०४ चा, म्हणून तिथे त्रास जाणवतच नाही.

प्रोब १०एक्सवरच (सिग्नल दहापट कमी करून दाखवणारी सेटिंग) ठेवा हं. १एक्सवर तो स्वतःच १०० पिकोफॅरॅडच्या आसपास भर घालतो, मी आधी तसंच मोजलं आणि होता त्यापेक्षा वाईट सिग्नल बघत बसलो. ग्राउंडची वायरही आखूड घ्या, नाहीतर नसलेलं रिंगिंग (सिग्नल बदलल्यावरची थरथर) दिसतं.

पुल-अप २.२ के केला तर फरक पडला, पण मला ते टिकाऊ वाटलं नाही. यूएआरटीत (म्हणजे या सिरीयल जोडणीत) टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स या लाइनची दिशा ठरलेली असते, मग दोन्हीकडे चालणारा शिफ्टर हवाच कशाला? तो आयटूसीसाठी (एकाच डेटा वायरवर दोन्हीकडून बोलणारी बस) ठेवा, तिथे लाइन ओपन-ड्रेन असते, म्हणजे चिप ती फक्त खाली ओढते, वर नेतो पुल-अप. मी प्रत्येक लाइनला ७४एलव्हीसी१टी४५ बफर लावला, दिशेची पिन कायमची बांधून टाकली. एज (सिग्नलची चढती-उतरती कड) एकदम उभी झाली, उलट आता केबलवर खरंच रिंगिंग आलं, त्यासाठी बफरच्या आउटपुटला अगदी चिकटून ३३ ओहम सिरीजमध्ये टाकला. त्यानंतर रात्रभर यू पाठवत ठेवला, सकाळी एरर काउंटर शून्यावरच होता.