'कशावर?' हे विचारा: किराण्याच्या बिलातले शब्द आणि दुकानदारांच्या नेहमीच्या चुका

आमच्या घाटंजी तालुक्यातल्या गावात मंगळवारी साबण-बिस्किटांची लाइन येते. सेल्समन मोटरसायकल उभी करतो, मोबाईल काढतो आणि पायरीवरूनच सुरू होतो, "भाऊ, दहावर एक आहे, सीडी दोन टक्के, पीटीआर मागचाच. किती लिहू?"

दुकान टाकल्यावर पहिली दोन वर्षं मी मान हलवायचो आणि "लिही दोन" म्हणायचो. माझ्या मनात दोन म्हणजे दोन डझन. एका पोळ्याच्या आठवड्यात टेम्पोतून दोन पेट्या उतरल्या. एका पेटीत साबणाच्या 144 वड्या. पोळ्याच्या दिवसांत आमच्या गावात कोणाजवळ रोख पैसा नसतो. पेरणी, खत, फवारणी यात तो जमिनीत गेलेला असतो आणि कापूस घरात यायला वेळ असतो. दुकान उधारीवर चालू असताना आठ हजारांवर रुपये साबणात अडकले. सेल्समन खोटं बोलला नव्हता. त्याच्या मोबाईलवर 'सीएस' होतं, सीएस म्हणजे केस, म्हणजे पेटी. मी विचारलंच नव्हतं.

आता ऑर्डर सांगताना नुसता आकडा बोलत नाही. "चोवीस नग" किंवा "एक पेटी, पेटीत किती?" एवढं पूर्ण बोलतो. बिलावर 'पीसी' दिसलं तर ते नग. पण तोच सेल्समन साहेबाशी फोनवर बोलताना "आज पीसी कमी झाली" म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ वेगळा. 'टीसी' म्हणजे दिवसभरात गाठलेली एकूण दुकानं आणि 'पीसी' म्हणजे त्यातल्या किती दुकानांनी ऑर्डर दिली तो आकडा. त्याचा पगारावरचा इन्सेंटिव्ह बहुतेक वेळा अशा आकड्यांवर ठरतो. महिनाअखेरीला तो "काही तरी लिहा जी" म्हणून का अडून बसतो, ते यातून कळतं. त्याच्यावर रागावू नका, पण त्याचं टार्गेट आपल्या गल्ल्यातून पूर्ण करायची गरज नाही.

टक्का ऐकला की पाया विचारा

सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो, म्हणून जरा थांबून सांगतो.

"वीस टक्के मार्जिन" म्हणजे कशावर वीस टक्के? 80 रुपयांना घेतलेली वस्तू 100 ला विकली तर 20 रुपये सुटले. विक्रीच्या किमतीवर मोजलं तर ते 20 टक्के, खरेदीवर मोजलं तर 25 टक्के. पहिल्याला मार्जिन म्हणतात, दुसऱ्याला मार्कअप. एक कंपनी 22 टक्के खरेदीवर सांगते, दुसरी 20 टक्के एमआरपीवर सांगते, आणि आपण 22 मोठे म्हणून पहिलीचा माल भरतो. खरेदीवरचे 22 टक्के विक्रीवर मोजले तर जेमतेम 18 भरतात. म्हणजे 20 टक्केवाली दुसरी कंपनीच जास्त देत होती.

दहावर एकचं तसंच. आपण ते 10 टक्के सूट धरतो. पण 11 नगांतला एक फुकट आहे, म्हणजे सूट 9.09 टक्के. बारावर एक असेल तर 7.69. कोणी सरळ 10 टक्के बिलात कापून देत असेल तर तो दहावर एकपेक्षा स्वस्त पडतो, शिवाय दहा नग एकदम उचलायची सक्ती नाही. आणि वरचा 'एक' कोणता, हेही विचारा. मोठ्या वडीच्या स्कीमवर छोटी वडी टेकवली जाते.

पीटीआर म्हणजे दुकानदाराला पडणारा भाव, पीटीएस म्हणजे स्टॉकिस्टला, म्हणजे कंपनीचा माल साठवून दुकानांना पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला, पडणारा. पीटीआर कर धरून सांगितलाय की कर सोडून, हे विचारल्याशिवाय हिशेब लावू नका. समजा साबणाची एमआरपी 40 आहे आणि पीटीआर कर सोडून 34. सेल्समन म्हणतो "सहा रुपये सुटतात भाऊ". 5 टक्के जीएसटीचे 1 रुपया 70 पैसे चढले की वडी 35.70 ला पडते आणि सुटतात 4.30. माझ्यासारखा जीएसटी नंबर नसलेला छोटा दुकानदार असो किंवा कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत असलेला, त्याला खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. त्याच्यासाठी कर हा खरेदीचाच भाग.

सीडी म्हणजे रोख पैसे दिल्यावरची सूट. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून आपण "एकवीस दिवसांनी देतो" म्हणतो. ते दोन टक्के सोडणं म्हणजे एकवीस दिवसांसाठी शेकडा दोन व्याज भरणं. सावकार शेकडा दोन महिन्याला लावतो, हे त्याहून महाग पडलं. गल्ल्यात पैसे असतील तर सीडी घ्या. नसतील तर माल कमी घ्या, हे मी खूप उशिरा शिकलो.

पिपा लिटरचा की किलोचा

गेल्या उन्हाळ्यात लग्नाच्या किराण्यासाठी एक काका आले. "बापू, तुमच्याकडं पंधराचा पिपा महाग काहून? तालुक्याला स्वस्त भेटते." त्यांनी तिकडून आणलेला पिपा गाडीतच होता. दोन्ही पिपे काउंटरवर शेजारी ठेवले आणि लेबल वाचायला लावलं. माझ्यावर होतं 15 किलो. त्यांच्यावर होतं 15 लिटर, आणि खाली बारीक अक्षरात 13.65 किलो. सोयाबीन तेल लिटरला साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणून हा फरक. 1 किलो 350 ग्रॅम तेल कमी. काकांनी चष्मा काढून परत लावला आणि म्हणाले, "म्हणजे दोन पिप्यांत जवळजवळ पावणेतीन किलो गेलं माझं."

पिशव्यांचंही असंच. एक लिटरसारखी दिसणारी पिशवी 850 किंवा 800 ग्रॅमची निघते. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत भाव तोच राहतो आणि ग्रॅम कमी होतात. गिऱ्हाईक आपल्याला बोलतं, कंपनीला नाही. पाकिटावर 'युनिट सेल प्राइस' छापलेली असते, म्हणजे एका ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा भाव. गिऱ्हाइकाला ती दाखवायची सवय लावा, अर्धे वाद तिथंच मिटतात.

एमआरपीची चूक

एमआरपी ही वरची मर्यादा आहे आणि तिच्यात सगळे कर आले. तिच्याहून कमीत विकायला मोकळीक आहे, जास्त घ्यायला नाही. थंड बाटलीवर फ्रिजचे म्हणून दोन रुपये जास्त घेणं आपल्याकडं सर्रास चालतं. वैधमापन कायद्यात ते बसत नाही आणि गिऱ्हाईक 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतं. वीज महाग आहे, मला माहीत आहे. पण तो खर्च एमआरपीच्या वर लावता येत नाही.

22 सप्टेंबर 2025 ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला तेव्हा बराच गोंधळ झाला. रॅकमध्ये जुन्या छापील भावाचा माल, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर नवे भाव. ज्यांनी त्या दिवसाआधीचा साठा, बॅच नंबरसकट, वहीत लिहून ठेवला होता, त्यांना स्टॉकिस्टाशी फरकाचं बोलताना आधार होता. बाकीच्यांना नुसतं तोंडाने सांगत बसावं लागलं.

तारखा

05/03 म्हणजे 5 मार्च, 3 मे नाही. 'पीकेडी' म्हणजे पॅकिंगची तारीख. 'पॅकिंगपासून चार महिने' लिहिलं असेल तर मोजून शेवटचा महिना पेटीवर मार्करने मोठा लिहा. 'बेस्ट बिफोर' चव आणि दर्जाबद्दल सांगतं. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' उलटली की ते खाद्य विकायचं नाही, अर्ध्या भावातही नाही, शेजारच्या लेकरांना फुकटही नाही.

लेबलवरच्या आणखी दोन गोष्टी. बारकोड 890 ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला असं नाही. तो आकडा एवढंच सांगतो की बारकोड नंबर जीएस1 इंडियाकडून घेतलेला आहे. आणि साबणावरचं 'टीएफएम' म्हणजे त्यातल्या चरबीयुक्त घटकाचं प्रमाण. 76 टक्के किंवा जास्त असेल तर तो पहिल्या ग्रेडचा आंघोळीचा साबण, आणि 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीत ते बरंच कमी असू शकतं. "ही वडी लवकर काहून विरघळते" म्हणून बाया विचारतात तेव्हा मी दोन वड्यांची मागची बाजू वाचून दाखवतो.

परत गेलेला माल

एकदा मी मुदत संपलेल्या बिस्किटांचा आणि फुटलेल्या शाम्पूच्या लडींचा मोठा खोका सेल्समनच्या गाडीवर बांधून दिला. "क्लेम टाकतो भाऊ, पुढच्या बिलात कमी होईल." पुढच्या बिलात काही कमी झालं नाही. त्या पोराने नोकरी सोडली, नवा आला, आणि स्टॉकिस्ट म्हणाला, "माझ्याकडं तर काहीच आलं नाही जी." माझ्याजवळ एक चिठ्ठीही नव्हती.

तेव्हापासून वस्तूचं नाव, नग, बॅच नंबर, मुदतीची तारीख असं कार्बन ठेवून लिहितो आणि नेणाऱ्याची सही घेतो. पैसे परत येतात ते क्रेडिट नोटने, म्हणजे एवढी रक्कम तुमच्या खात्यात वजा धरली असं लिहून देणाऱ्या कागदाने. ती नंबरासह आली की क्लेम मिटला, नुसता "होऊन जाईल" म्हणजे काही नाही. अडलं तर कोणाशी बोलायचं हेही माहीत हवं. 'डीएसआर', म्हणजे ऑर्डर घ्यायला येणारा सेल्समन, बहुतेक ठिकाणी स्टॉकिस्टाचा माणूस असतो, 'टीएसआय' किंवा 'टीएसओ' हा भागाची विक्री बघणारा कंपनीचा माणूस, आणि त्याच्या वर 'एएसएम', म्हणजे एरिया सेल्स मॅनेजर. आपल्या भागात कंपनी आणि दुकान यांच्या मधे सुपर स्टॉकिस्ट (वरचा मोठा) आणि त्याच्याकडून माल घेणारा सब-स्टॉकिस्ट अशी दोन दारं असतात, क्लेम कोणत्या दारात अडकलाय ते आधी शोधा. मी टीएसआयचा नंबर पहिल्या ऑर्डरच्या दिवशीच मागून घेतो आणि वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवतो.