माल छान वाहतोय म्हणून खूश होऊ नका: मोल्डिंगमधल्या या चुका टाळा

पिंपळगावच्या मार्केटात टोमॅटोने भरलेला क्रेट हातातून निसटला आणि कोपऱ्याचा तुकडाच पडला, की शिव्या प्लास्टिकच्या दाण्याला (कच्च्या मालाला) बसतात. नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या मोल्डिंग मशीनवर मात्र बऱ्याचदा दाणा चांगलाच आलेला असतो. त्यातल्या रेणूंच्या साखळ्या आपणच तोडलेल्या असतात.

प्लास्टिकची ताकद लांबलचक रेणूंच्या गुंत्यात आहे. 10,000 दुव्यांची साखळी ताणून धरली तर 10,000 दुवे लांब भरेल. वितळलेल्या मालात ती वेडीवाकडी पडलेली असते, दोन टोकांत सरासरी 100 दुव्यांचंच अंतर उरतं, आणि तेवढ्याच जागेत इतर कितीतरी साखळ्या घुसलेल्या असतात. ताटलीतल्या शेवयाच म्हणा. या गुंत्यामुळे मालाचा दाटपणा लांबीच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. म्हणजे लांबी निम्मी झाली की दाटपणा जेमतेम दहावा हिस्सा उरतो!

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक ही: रीग्राइंड (जुन्या, वाया गेलेल्या मालाचा चुरा) वाढवलं, माल सुळकन वाहायला लागला, प्रेशर कमी लागलं, ऑपरेटर खूश. अहो, तो तुटलाय म्हणून वाहतोय. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) मशीनच्या बॅरलमधून, म्हणजे दाणा वितळवणाऱ्या तापत्या नळीतून, जाताना दर वेळी उष्णतेने आणि ऑक्सिजनने थोडं तुटतंच. बॅरलचं टेम्परेचर चढवून 'फ्लो' काढणं म्हणजे तेच काम जोरात करणं. पॉलिथिलीनची तऱ्हा अनेकदा उलटी. त्याच्या साखळ्या एकमेकींना जुळतात, माल घट्ट होतो आणि त्यात जेलचे दाणे दिसतात.

पेट आणि पॉलिकार्बोनेटला शत्रू पाणी. पावसाळ्यात पोतं उघडं ठेवलं आणि दाणा तसाच हॉपरमध्ये (मशीनच्या वरच्या नरसाळ्यात) ओतला, तर वितळताना ते पाणी साखळ्या कापतं. पेटमधला ओलावा 0.005 टक्क्याच्या खाली हवा. एकदा तुटलेली साखळी ड्रायरमध्ये परत जुळत नाही, तेव्हा वाळवायचं ते आधीच.

पीपीच्या मालाचा संशय आला तर तुटलेल्या क्रेटचा चुरा आणि नवा दाणा, दोन्हींचा एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) 230 अंश सेल्सिअस आणि 2.16 किलो वजनावर काढा. चुऱ्याचा आकडा बराच चढलेला निघाला, तर सप्लायरला फोन करण्याआधी रीग्राइंडचं प्रमाण आणि बॅरलचं टेम्परेचर तपासा.