‘तुमचा होलोटाइप जिवंत आहे’

माझ्या पहिल्या नव्या प्रजातीचा लेख परत आला, तेव्हा परीक्षकाचा मुख्य शेरा एका ओळीचा होता: ‘तुमचा होलोटाइप जिवंत आहे.’ मी मनात म्हटलं, असणारच! कुजक्या पानावरून वेगळी केलेली बुरशी दीड वर्ष स्लँटवर, म्हणजे नळीतल्या तिरक्या अगारवर (पोषक जेलीवर), जपली होती. ते कौतुक नव्हतं, हे सरांनी सांगितल्यावर कळलं.

नवं नाव एका ठरावीक नमुन्याला बांधावं लागतं, तो टाइप; लेखकाने स्वतः नेमलेला एकमेव टाइप म्हणजे होलोटाइप. पुढे कुणाला शंका आली तर तोच काढून बघायचा. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेतलं कलम 8.4 म्हणतं, टाइप कायमचा जतन केलेला हवा. वाढतं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला जिवंत जीव, चालणार नाही. बुरशी आणि शैवालांना तेवढी एक सवलत आहे: कल्चर गोठवून किंवा लायोफिलाइज करून (गोठलेलं असतानाच वाळवून) त्याचं चयापचय थांबवलं असेल, तर ते टाइप होऊ शकतं. पण 2019 पासून तसं लेखात स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर नावच वैध ठरत नाही. मी नुसता कल्चरचा नंबर टाकून मोकळी झाले होते.

आधी मला ही निव्वळ कागदी कटकट वाटली. मग माझेच जुने फोटो शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या प्लेटवर हिरवट, पावडर भुरभुरल्यासारखी वसाहत. बाराव्या सबकल्चरवर, म्हणजे बाराव्यांदा नव्या माध्यमावर उतरवल्यावर, नुसता पांढरा कापूस, बीजाणूंसाठी स्लाइडमागून स्लाइड बघावी तेव्हा चार सापडणार. वर्णन पहिलीचं आणि पुरावा म्हणून बारावी!

वाचवलं सीनियर ताईने. सुरुवातीलाच तिने मागे लागून माझ्याकडून ग्लिसरॉलमध्ये दोन ट्यूब भरून घेतल्या होत्या, उणे 80 अंशांवर. त्यातून बुरशी पुन्हा उठवली, बीजाणू भरल्यावर एक प्लेट वाळवली. अगार वाळून पापडासारखा पातळ होतो, कडा वर उचलतात. हलक्या हाताने पाकिटात सरकवायचा. ते पाकीट हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, गेलं, तोच होलोटाइप. त्याच कल्चरची जिवंत प्रत, म्हणजे एक्स-टाइप, कल्चर संग्रहात. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतच आजरेकर हर्बेरियमही आहे आणि राष्ट्रीय बुरशी संग्रहही, त्यामुळे आपल्याकडच्यांना ही सोय बरी पडते.

गोठवलेलं कल्चर टाइप करणंही नियमात बसतं, पण मला वाळकी प्लेटच बरी वाटते. तिला विजेची गरज नाही. जिवंत प्रत मात्र हवीच. डीएनए पुन्हा काढायचा, वाढीचं तापमान तपासायचं, तर पापड काय कामाचा? जिवंत प्रत निदान दोन संग्रहांत द्यावी, अशी संहितेची शिफारस आहे. फक्त हर्बेरियमच्या आणि कल्चरच्या अशा दोन्ही नंबरांपुढे ‘होलोटाइप’ लिहू नका. होलोटाइप एकच असतो.

संग्रहाकडून नंबर यायला वेळ लागतो, आणि मायकोबँकसारख्या, बुरशींच्या नावांच्या नोंदणीचा क्रमांकही 2013 पासून लागतोच. म्हणून शुद्ध कल्चर हाती आलं, की त्याच आठवड्यात ट्यूबा भरा. विशेषतः पावसाळ्याआधी. माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, एकदा प्लेटांमध्ये शिरले की एकीचे बीजाणू दुसरीत नेऊन ठेवतात.