टर्मिनलवर हात बसवताना या चुका टाळा

मराठवाड्यातल्या कॉलेजांत येणारी बरीच पोरं लिनक्सचा काळा पडदा, म्हणजे टर्मिनल, पहिल्यांदा बघतात ती थेट प्रॅक्टिकलच्या तासाला. सीचा प्रोग्राम पाच-सात ओळींचा, आणि तास सरतो तो 'सर, चालतच नाही' म्हणण्यात. प्रोग्राम बहुतेक वेळा ठीकच असतो. आपण दाबलेली कळ नेमकं कोण ऐकतंय, हे ध्यानात आलेलं नसतं. शेल (आपली कमांड वाचून चालवणारं), एडिटर (मजकूर लिहायचा), चालू असलेला प्रोग्राम आणि खुद्द टर्मिनल, असे ऐकणारे चार.

(कमांड इथं बोलतो तशा लिहिल्यात. टाइप इंग्रजीत करायच्या, आणि लहान अक्षरांत. लिनक्स लहान-मोठं अक्षर वेगळं धरतं.)

कीबोर्ड मराठीवरच राहिला

फायलींची यादी बघायला एलएस टाइप केलं आणि शेल म्हणालं, 'ते: कमांड नॉट फाउंड'. हे 'ते' आलं कुठून? इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत एलच्या कळीवर 'त' आणि एसच्या कळीवर एकार. आधी मराठीत काहीतरी टाइप केलं होतं आणि कीबोर्ड परत इंग्रजीवर आणायचा राहिला. शेल निदान तक्रार तरी करतं. विम या एडिटरमध्ये लिहिणं सुरू करायला आय दाबला की 'ग' जातो आणि काहीच घडत नाही, म्हणून पोरं मशीन हँग झालं समजतात.

विममधून बाहेरच पडता येत नाही

व्हीआय हा एडिटर बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात लिहिला, त्याचा सुधारलेला अवतार विम ब्राम मूलेनारनं १९९१ साली आणला. जॉयच्या टर्मिनलवर एच, जे, के, एल याच कळींवर बाण छापलेले होते. विममध्ये आजही त्याच कळींनी कर्सर हलतो, त्यात गूढ काही नाही.

विम उघडल्यावर अक्षरं लिहिली जात नाहीत, प्रत्येक कळ ही कमांड असते. आय दाबल्यावर लिहिणं सुरू, एस्केप दाबल्यावर परत कमांड. गोंधळ वाटला की आधी एस्केप. मग जतन करून निघायचं तर :डब्ल्यूक्यू, सगळं टाकून निघायचं तर :क्यू! आणि एंटर. एवढं अंगवळणी पडेपर्यंत नॅनो हा सोपा एडिटर वापरायला लाजू नका. त्यात कळा खालीच लिहिलेल्या असतात.

बाहेर पडता येईना म्हणून खिडकीच बंद करणं किंवा कंट्रोल-झेड दाबणं, ही खरी चूक. कंट्रोल-झेडनं विम बंद होत नाही, मागं थांबून राहतो. एफजी लिहून एंटर दाबलं की समोर येतो. तसं न करता तीच फाइल पुन्हा उघडली की पडदाभर इशारा येतो, आणि तो न वाचताच कुठलीतरी कळ दाबली जाते.

लाइट गेली तरी हाच इशारा दिसतो. आपल्याकडं हे नवं नाही, म्हणून नीट समजून घ्या. विम तुमचं लिखाण शेजारच्या एका लपलेल्या स्वॅप फाइलीत उतरवत असतो, साधारण दर २०० अक्षरांनी किंवा चार सेकंद हात थांबला की. म्हणून लाइट गेली तरी जतन न केलेलं काम बहुतेक वाचतं. इशाऱ्यात प्रोसेस आयडीपुढं (चालू प्रोग्रामच्या क्रमांकापुढं) 'स्टिल रनिंग' असेल तर फाइल दुसरीकडं उघडीच आहे. क्यू दाबा आणि तिकडं जा. तसं नसेल तर आर दाबा, आलेला मजकूर तपासा, :डब्ल्यू करा. इशारा पुढच्या वेळी पुन्हा येईल, तेव्हा डी दाबून जुनी स्वॅप फाइल काढून टाका. तपासायच्या आधी डी दाबलात तर गेलेलं काम गेलंच.

चांदणीआधीची मोकळी जागा

समजा, लातूरच्या बाजारातले सोयाबीनचे भाव लातूर१, लातूर२ अशा फायलींत आहेत. आरएम ही फायली काढून टाकायची कमांड. 'आरएम लातूर*' लिहिलं तर त्याच फायली जातात. 'आरएम लातूर *' लिहिलं तर फोल्डरमधल्या बाकीच्याही सगळ्या जातात. चांदणीचा अर्थ आरएमला कळतच नाही. शेल आधी तिच्या जागी नावांची यादी भरतं, आणि ती यादी आरएमच्या हातात देतं. इथं कचरापेटी नसते, काढलं ते काढलं. म्हणून आधी आरएमच्या जागी एको (नुसतं छापून दाखवणारी कमांड) लिहून यादी बघा, मग खरी कमांड द्या. एकोला कोणी दोन सेकंद देत नाही, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री बोंब होते.

'सोयाबीन भाव' असं मोकळी जागा असलेलं नाव दिलं तर शेल त्याच्या दोन फायली समजतं. जागेऐवजी अंडरस्कोर घाला, आणि नाव अर्धं लिहून टॅब दाबायची सवय लावा, उरलेलं शेल भरतं.

'सॉर्ट भाव > भाव' हाही असाच घात. सॉर्ट ओळी क्रमानं लावतं, आणि मधल्या चिन्हानं निकाल उजवीकडच्या फाइलीत जातो. सॉर्ट सुरू व्हायच्या आधीच शेल उजवीकडची फाइल रिकामी करतं, मग सॉर्टला वाचायला उरतं काय? 'सॉर्ट -ओ भाव भाव' लिहा.

टर्मिनल गप्प झालं

सवयीनं कंट्रोल-एस दाबलं की पडदा गोठतो. काही बिघडलेलं नसतं, कंट्रोल-क्यू दाबा. ओळीच्या सुरुवातीला नुसतं > दिसत असेल तर कुठंतरी अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलंय. कंट्रोल-सी दाबून नव्यानं लिहा. सुडो म्हणजे रूटच्या, मशीनच्या मुख्य वापरकर्त्याच्या, अधिकारानं कमांड चालवणं. त्याचा पासवर्ड टाइप होताना सहसा दिसत नाही, तो तसाच टाइप करून एंटर मारायचा.

प्रोग्रामला टेस्ट नाव देऊ नका. शेलची स्वतःची त्याच नावाची कमांड आहे. ती गुपचूप चालते आणि तुमचं आउटपुट येतच नाही. आपल्या फोल्डरातला प्रोग्राम चालवताना पुढं ./ लावा.

पेनड्राइव्हवरून आणलेली स्क्रिप्ट

विंडोजवर लिहून आणलेल्या स्क्रिप्टला (कमांड लिहिलेल्या फाइलीला) 'बॅड इंटरप्रिटर' असा एरर येतो, कारण प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असतं. विममध्ये :सेट एफएफ=युनिक्स आणि मग :डब्ल्यू केलं की ते जातं. 'परमिशन डिनाइड' आलं की लगेच सुडो लावू नका, त्यानं तयार झालेल्या फायली रूटच्या मालकीच्या होतात आणि नंतर एडिटर जतन करू देत नाही. फाइलीला चालायची परवानगी देणारं सीएचमॉड +एक्स पुरतं. एफएटी फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर तेही टिकत नाही, तेव्हा स्क्रिप्ट आधी होम फोल्डरात कॉपी करा आणि मग चालवा.