घरी बांधलेल्या विमानात रोटरी इंजिन बसवताय? या चुका टाळा

माझदाचं १३बी रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरणारं इंजिन, विमानाला लावायचं एकदा डोक्यात घेतलं की सगळी चर्चा इंजिनाचीच होते. एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) टिकतील का, पॉवर किती काढायची, टर्बो लावू का. खरं म्हणजे इंजिन बिचारं आपलं काम करतं. घोळ होतो तो त्याच्याभोवती आपण जे उभं करतो त्यात: माउंट, गिअरबॉक्स, रेडिएटर, पेट्रोलची लाइन, वायरिंग.

अर्थात आधी इंजिन धड हवं. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा टेम्पो आठवतो. आरएक्स-७, आरएक्स-८ या गाड्या कंपनीने इथे विकल्याच नाहीत, त्यामुळे हाती येतं ते बाहेरून आलेलं, जुनं, पडून राहिलेलं इंजिन. विकणारा साधा कॉम्प्रेशन गेज लावून आकडा दाखवतो. त्यावर भुलू नका. रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज त्यातल्या सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा धरून बसतो. गेजचा वन-वे व्हॉल्व्ह काढा, स्टार्टर मारा आणि काटा बघा. तीन उड्या सारख्या पडल्या तर ठीक. एकच मरतुकडी असेल तर साइड सीलवर (रोटरच्या सपाट अंगावरच्या पट्टीवर) संशय घ्या. दोन मरतुकड्या असतील तर बहुधा एपेक्स सील गेलंय, कारण एक एपेक्स सील दोन बाजूंना सामाईक असतं.

आता माउंट. १३बी म्हणजे बिडाच्या प्लेटा आणि अॅल्युमिनियमची हाउसिंगं एकामागे एक लावून लांब बोल्टांनी आवळलेली चळत. पाण्याची सीलं दाबून बसतात ती याच बोल्टांच्या ताणावर. ब्रॅकेट लावायला सोयीची जागा दिसली म्हणून त्यातला एखादा बोल्ट सैल करून मधे पट्टी घालणं ही हमखास होणारी चूक. पुढे पाणी आत झिरपतं आणि दोष इंजिनाला दिला जातो. मूळ माउंटिंगच्या जागा, बेलहाउसिंगचा फ्लँज (गिअरबॉक्स जिथे आवळतात ती कड), यांच्यावरच भार घ्या. लक्षात ठेवा, गाडीत त्या फ्लँजवर फक्त गिअरबॉक्स असतो. इथे प्रोपेलरचा ओढा आणि वळताना येणारा जायरोचा जोर तिथूनच फ्रेममध्ये जातो. अॅडॉप्टर प्लेट वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याला उत्तम करून मिळते, पण ती डॉवेल पिनांवर बसवून डायल गेज फिरवून ती नीट मध्यावर आहे हे मोजल्याशिवाय घेऊ नका. फ्रेमच्या नळ्या ४१३० क्रोमोलीच्या (मजबूत मिश्र पोलादाच्या) हव्यात. एमएस म्हणजे साध्या पोलादाचा पाइप रंग दिल्यावर अगदी तसाच दिसतो, म्हणून सर्टिफिकेट मागा आणि ग्रिल-गेटवाल्याकडून वेल्डिंग करून घेऊ नका, त्याचा हात कितीही सफाईदार असला तरी.

रबरी बुश बसल्यावर काही तासांत इंजिन थोडं खाली बसतं, स्पिनर (प्रोपेलरची टोपी) काउलिंगला (इंजिनावरच्या आवरणाला) घासू लागतो. तेवढी जागा आधीच सोडा आणि होज ताणून लावू नका. या रबरांची आणखी एक गंमत: इंजिन विजेच्या दृष्टीने फ्रेमपासून तुटतं. स्टार्टर जड फिरतोय, बॅटरी नवी आहे आणि थ्रॉटल केबल हाताला गरम लागतेय? म्हणजे स्टार्टरचा करंट केबलमधून परत जातोय. जाड अर्थिंग पट्टा लावा.

इंजिन आणि प्रोपेलर यांच्यामधल्या गिअरच्या रेशोबाबत लोक उगाच घाबरतात. ६००० आरपीएम ऐकून पोटात गोळा येतो. पण तो वेग शाफ्टचा. रोटर त्याच्या एक तृतीयांशाने, म्हणजे २००० नेच फिरतो. इंजिन जपायचं म्हणून कमी रेशो घेतला तर पॉवर मिळत नाही. २.८५ च्या रेशोने ७५०० ला प्रोपेलर २६३० च्या आसपास राहतो. २.१७ घेऊन तेवढंच पळवलंत तर प्रोपेलर ३४५० ला जातो आणि पावणेसहा फुटी प्रोपेलरची टोकं ध्वनीच्या वेगाला भिडायला येतात. मग नुसती बोंब, ओढ नाही. प्लॅनेटरी गिअरने दिशा बदलत नाही, दोन साध्या गिअरच्या जोडीने उलटते. प्रोपेलर मागवण्याआधी हे बघा.

सगळ्यात जास्त इंजिनं मरतात ती उष्णतेने. बाहेर टाकायची जी उष्णता असते त्यातली साधारण एक तृतीयांश तेलातून जाते, म्हणून छोटासा ऑइल कूलर कोपऱ्यात टांगून भागत नाही. पाणी थंड करायला रेडिएटर म्हणून कार एसीचे इव्हॅपोरेटर कोअर (आतली जाळी) वापरायची पद्धत चांगली आहे, पण हवा कोअरमधून गेली तर. १०० नॉटला (ताशी सुमारे १८५ किमी) समोरून मिळणारा दाब असतो जेमतेम १६ सेंटिमीटर पाण्याइतका. कोअर आणि काउलिंगमध्ये बोटभर फट राहिली की हवा तिथूनच पळते. हवा आत यायचं पुढचं तोंड मोठं करत बसण्याआधी ती बाहेर पडायचा मार्ग मोकळा आहे का ते बघा. पारदर्शक प्लास्टिकची नळी, थोडं रंगीत पाणी, एवढ्यात कोअरच्या पुढचा-मागचा दाब मोजता येतो.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. "ठाण्याच्या उन्हात कशाला हवा?" म्हणून तो काढून टाकणारे पुष्कळ. या इंजिनात थर्मोस्टॅटच्या खालची चकती, इंजिन तापल्यावर बायपासचं भोक बंद करते. तो काढलात आणि भोक तसंच ठेवलंत, तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं. म्हणजे थंड राहावं म्हणून केलं आणि तापलं. काढायचाच असेल तर भोक बुजवा. प्रेशर कॅप सर्वांत उंच जागी हवी, नाहीतर हवेचा फुगा वर अडकून राहतो. एकदा का जोरात तापलं, आणि नंतर कूलंटच्या टाकीत बुडबुडे किंवा सकाळी सुरू करताना पांढरा धूर दिसला, तर पाण्याचं सील गेलं समजा. नवीन कूलंट ओतून ते बरं होत नाही.

पेट्रोलकडे या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते होज, सील, टाकीचा लेप यांना खातं आणि पाणी ओढून घेतं. एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) वापरलं तर त्यातलं शिसं प्लगांवर बसतं आणि ऑक्सिजन सेन्सर मारतं. काहीही वापरा, पण इलेक्ट्रिक पंप तापलेल्या काउलिंगच्या आत ठेवू नका. व्हेपर लॉक (पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडणं) तिथेच होतो. ऑइल मीटरिंग पंप (सीलांना तेल पुरवणारा) काढला असेल तर पेट्रोलमध्ये लिटरला साधारण ८ मिलि टू-टी ऑइल, आधी डब्यात घुसळून मग टाकीत. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) नसल्याने वीज गेली की इंजिन बंद: दोन पंप, दोन बॅटऱ्या, वेगळ्या वायरी.

सुरू होता होत नाही, प्लग ओले येतात? इंजिन फ्लड झालंय. जास्तीच्या पेट्रोलने सीलांवरचं तेल धुऊन गेलं की कॉम्प्रेशन पडतं, आणि जितका स्टार्टर माराल तितकं बिघडतं. पेट्रोल बंद करा, इग्निशन काढा, चारही प्लग काढून इंजिन फिरवा, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडा, कोरडे प्लग लावा. लावताना वायरींची अदलाबदल नको: खालचे लीडिंग, वरचे ट्रेलिंग.

पावसाळ्यात खाडीच्या हवेत महिनोन्महिने पडून राहणार असेल तर बिडाच्या प्लेटा आतून गंजतात, सीलं चिकटतात. आत तेल सोडून दर आठवड्याला हाताने थोडं फिरवत जा. फिरवण्याआधी इग्निशन बंद आहे ना, हे दोनदा बघा, आणि प्रोपेलरसमोर कुणाला उभं राहू देऊ नका.