पवनचक्की फिरते, पण वीज देत नाही? पात्यांच्या या चुका टाळा

"चक्की तर गरागरा फिरतेय, मग बॅटरी का चार्ज होत नाही?" लहान पवनचक्की स्वतः बनवणारे हा प्रश्न मला सारखा विचारतात. तोवर त्यांनी जनरेटर उघडून पाहिलेला असतो, वायरिंग दोनदा तपासलेलं असतं. पात्यांकडे लक्ष गेलेलं नसतं. मी मात्र सुरुवात तिथूनच करतो, कारण पात्यांनी वाऱ्यातून जे घेतलंच नाही ते पुढचं कुठलंही यंत्र भरून काढू शकत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बुडापासून टोकापर्यंत एकाच कोनात बसवलेलं, बिनपिळाचं पातं. हे आकड्यांत बघूया. वारा सेकंदाला ६ मीटर आहे आणि पात्याचं टोक त्याच्या सहापट वेगाने, म्हणजे ३६ मीटरने धावतंय. चक्कीपाशी पोहोचेपर्यंत वारा मंदावून सुमारे ४ मीटरवर येतो. त्यामुळे धावत्या टोकाला तो जवळजवळ धावण्याच्या दिशेच्या समोरून लागतो, फिरण्याच्या प्रतलाशी फक्त ६ अंशांचा कोन करून. आता बुडाकडे, लांबीच्या पाचव्या हिश्शावर या. तिथे पात्याचा वेग जेमतेम ७ मीटर आणि वाऱ्याचा कोन २९ अंश! दोन्ही ठिकाणी एकच कोन ठेवला तर एक भाग काम करतो आणि दुसरा नुसता अडथळा होतो. म्हणून टोकाला एक-दोन अंश, तर बुडाकडे वीस-पंचवीस अंश असा पीळ लागतो.

पात्याचा छेद, म्हणजे ते आडवं कापलं तर दिसणारा आकार, हाही महत्त्वाचा. वारा पात्याला ढकलतो, ही समजूत आधी सोडा. चांगलं पातं विमानाच्या पंखासारखं उचल घेऊन पळतं. त्यासाठी वाऱ्याला भिडणारी कड गोलसर आणि मागची कड पातळ हवी. बऱ्याच जणांकडून हे नेमकं उलटं बसतं. चक्की तरीही फिरते, म्हणून चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही.

"पाती वाढवली की वीज वाढेल" हाही गैरसमजच. पाती वाढली की सुरुवातीचा जोर वाढतो, पण वेग उतरतो. पाणी उपसायला ते चांगलं, विजेसाठी नाही. जनरेटरला फेरे हवे असतात, म्हणून तीन पाती पुरे. लांबी वाढवली तर खरा फरक पडतो, कारण ती दुप्पट केली की वारा पकडणारं क्षेत्र चौपट होतं. मात्र पाती लांबली की फेरे कमी होतात, त्यामुळे जुना जनरेटर तसाच ठेवून चालत नाही.

अपेक्षाही मोजून ठेवा. २ मीटर व्यासाच्या चक्कीतून ६ मीटर वेगाने जाणाऱ्या वाऱ्यात साधारण ४१५ वॅट शक्ती असते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी मांडलेल्या मर्यादेनुसार त्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त कुणालाच काढता येत नाही. घरी घडवलेल्या पात्यांनी सव्वाशे वॅट दिले तर ती उत्तम आहेत.

चक्की थरथरत असेल तर तिन्ही पाती वजन करून बघा, मग एका पात्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतची तिन्ही अंतरं टेपने मोजा. ती सारखीच यायला हवीत. पूर्वी चांगली चालणारी चक्की हळूहळू मंदावली असेल, तर ती थांबवून, ब्रेक लावून पुढच्या कडेवरून बोट फिरवा. धूळ, चिकटलेले किडे, पावसाने खरवडलेला रंग हाताला लगेच कळतो. एवढ्याशा खरबरीतपणानेही उचल घटते. कड धुऊन, घासून, पुन्हा रंगवून घ्या.

आणि लोड जोडताच चक्की दबून जात असेल, तर मंद वाऱ्यात क्षणभर लोड काढून बघा. फेरे एकदम उसळले तर पाती ठीक आहेत आणि जनरेटर त्यांना जड होतोय. फेरे तसेच रेंगाळले तर पीळ आणि कोन पुन्हा मोजायला घ्या. जोराच्या वाऱ्यात हा प्रयोग अजिबात करू नका. बिनलोडाची पाती तुटून उडतात.