जंताची गोळी दिली, तरी त्रास परत का येतो? परजीवींच्या बाबतीत या चुका टाळा

गोव्यात, फोंड्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं सूक्ष्मदर्शकावर काम करते. लहान मुलाचा हात धरून आलेल्या कितीतरी आयांनी मला एकच गोष्ट सांगितली आहे: "ताई, शाळेत गोळी दिली, नंतर घरी पण दिली. महिन्याभरात परत तेच. रात्री खाजवून खाजवून झोपत नाही."

गोळी खोटी नसते. शाळेत 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी 400 मिलिग्रॅम अल्बेंडाझोल देतात, ती मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी असते. रात्रीची खाज बहुधा सुतासारख्या बारीक, पांढऱ्या कृमींची असते आणि त्यांची वाट वेगळी. मूल झोपलं की मादी गुदद्वाराबाहेर येते आणि कातडीवर हजारो अंडी घालते. मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांत अडकतात, सकाळी तीच बोटं तोंडात जातात. बाकीची चादरीवर, चड्डीवर, उशीवर पडतात आणि दोन-तीन आठवडे जिवंत राहू शकतात. गोळीने कृमी मरतात, पण अंड्यांवर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून दुसरा डोस दोन आठवड्यांनी लागतो, आणि डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यावी लागते. आजीला वगळलं, तर नातवाला परत मिळणारच. शिवाय काही दिवस सकाळी उठल्याबरोबर अंघोळ, नखं कापलेली, चादरी आणि आतले कपडे गरम पाण्यात.

ही अंडी शौचाच्या तपासणीत क्वचितच सापडतात. "रिपोर्ट तर चांगला आला" म्हणून पालक निर्धास्त होतात. त्यासाठी सकाळी, अंघोळ आणि शौचाच्या आधी, गुदद्वाराजवळच्या कातडीला पारदर्शक चिकटपट्टी लावून ती काचेवर तपासायची असते. आणि हो, गूळ-साखर खाऊन जंत होत नाहीत. पोराच्या हातातला लाडू काढून घेऊ नका, आधी हात धुवायला लावा.

परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात किंवा शरीरावर राहून त्याच्यावरच जगणारा जीव. मलेरियाचा जंतू, अमीबा, जिआर्डिया हे एकपेशीय. गोल जंत, अंकुशकृमी, पट्टकृमी हे कृमी. ऊ आणि खरजेचे किडे बाहेरचे. डेंग्यू यात येत नाही, तो विषाणू. प्रत्येकाची आत शिरण्याची वाट निराळी असते, आणि ती न शोधता फक्त गोळी घेणं ही मला दिसलेली सर्वांत मोठी चूक.

अंकुशकृमीचंच बघा. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) अनवाणी काम करणाऱ्या बाईचं रक्त कमी निघतं, लोहाच्या गोळ्यांनी वाढतं आणि परत उतरतं. हा कृमी बहुधा तोंडातून जात नाही, ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. तिला लोहाबरोबर जंतांचं औषध आणि पायात चप्पल, दोन्ही हवं.

मलेरिया: ताप उतरला म्हणजे संपलं नाही

व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियात ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि लोक उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतात. पण या जंतूचा एक भाग यकृतात झोपून राहतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतो. मग लोक म्हणतात, "परत डास चावला." झोपलेल्या जंतूसाठीच प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स असतो. तो पुरा करा. मात्र गरोदर बाईने तो घ्यायचा नाही, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असेल तर डॉक्टर ठरवतील तसंच.

दुसरी चूक डासाच्या पत्त्याची. गटारावर फवारणी झाली की शेजारीपाजारी समाधान मानतात. शहरात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी वाढतो स्वच्छ पाण्यात: झाकण नसलेली गच्चीवरची टाकी, उघडी विहीर, बांधकामावर साठवलेलं पाणी. घाण पाण्यातला क्युलेक्स हत्तीपाय रोगाचा. त्या रोगाचे सूक्ष्म कृमी रक्तात रात्रीच वर येतात, म्हणून कर्मचारी रात्री दहानंतर रक्त घ्यायला दारात आले तर वैतागू नका. मलेरियाचं रक्त मात्र ताप आल्याबरोबर, औषध घेण्याआधी द्यायचं.

"आम्ही डुकराचं खात नाही, आम्हाला काय होणार?"

हे वाक्य मला सगळ्यांत अस्वस्थ करतं. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्ल्याने पट्टकृमी आतड्यात वाढतो, हे खरं. पण मेंदूत गाठी होऊन फिट येते, ती मांसातून थेट नाही. ज्याच्या आतड्यात पट्टकृमी आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. न धुतलेले हात, पाणी, कच्ची भाजी यांतून ती पोटात गेली की अळ्या मेंदूत पोचतात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. पूर्वी गोव्यातल्या कित्येक घरांत संडासाखाली डुकरं असत. माणूस-डुक्कर-माणूस हे चक्र तिथे अगदी जवळून फिरे. नीट शिजवलेल्या सोरपोतेलला, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आपल्या गोवन पदार्थाला, दोष देण्यात अर्थ नाही. कोबीतली हिरवी अळी मेंदूत जाते ही तर निव्वळ अफवा. पट्टकृमीची अंडी डोळ्यांना दिसतच नाहीत. कोथिंबीर, काकडी, मुळा कच्चा खायचा तर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

एक धोका नीट लक्षात ठेवा. ज्याला फिट आली आहे त्याने मनाने जंतांची गोळी घेऊ नये. मेंदूतल्या गाठी औषधाने मरताना सूज येते. आधी स्कॅन, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध.

नमुना आणताना

पातळ शौचातला हलणारा अमीबा ओळखायचा तर नमुना अर्ध्या तासात आमच्यापर्यंत यायला हवा. काल रात्रीचा डबा आणला की मला फक्त मेलेल्या पेशी दिसतात. लघवी मिसळू देऊ नका. एक नमुना स्वच्छ आला म्हणून थांबू नका, दिवसाआड तीन द्या. अमीबाच्या पुटीला (कवचातल्या रूपाला) पाण्यातलं क्लोरीन पुरत नाही, पाणी उकळावंच लागतं. मेट्रोनिडाझोलने पोट थांबतं, पण आतड्यात उरलेल्या पुटींसाठी बहुधा दुसरं औषध लागतं. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

खरजेला मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं.

तापाबरोबर बरळणं किंवा गुंगी, पहिल्यांदाच आलेली फिट, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि ताप, यांपैकी काहीही असेल तर माझ्याकडे नमुना घेऊन येऊ नका. 108 ला फोन करा, नाहीतर सरळ गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) गाठा.